मसावि नऊ

“आज मानवजात नशिबाच्या तावडीतून कायमची सुटली आहे,” असं वंशांक योजनेच्या उद्घाटनाला मंत्रिमहोदय म्हणाले. पुढे याहून मोठी वाक्यं लिहून आणलेली होती. पण सचिवांनी कानात सांगितलं की राहुकाळ सुरू व्हायला आता थोडाच अवधी उरलाय. तेव्हा मंत्र्यांनी उरलेली मानवजात तशीच सोडली आणि घाईघाईने कळ दाबली.

योजना मात्र खरोखर चांगली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण काही बिघडलं की आपण आधी योजनेकडे बोट दाखवतो.

गोष्ट साधी होती. माणसाच्या अंगात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक बिघडलेली असली तरी बऱ्याचदा दुसरी काम भागवून नेते. माणूस ठणठणीत राहतो, नातवंडांना ओरडतो, आणि आपल्यात काही बिघाड होता हे न कळताच जातो. असे दोन-चार सुप्त बिघाड प्रत्येकात असतात. स्वतःला अस्सल समजणाऱ्यांतही असतात. अडचण एकाच ठिकाणी येते. नवरा आणि बायको दोघांत नेमका तोच बिघाड असला, तर प्रत्येक मुलाच्या बाबतीत चारांत एक शक्यता अशी, की दोन्ही बिघडलेल्या प्रती त्याच्याच वाट्याला येतील. मग ते मूल आजारी.

लग्नाआधी तपासून घ्या, असं डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत होते. लोक ऐकत नव्हते, कारण तपासणीचा निकाल डॉक्टरकडून थेट मावशीकडे आणि मावशीकडून गावाकडे जातो, हा सर्वांचा अनुभव होता.

यावर एका गणितज्ञ बाईंनी तोडगा काढला. प्रत्येक बिघाडाला एक-एक प्रचंड मोठी मूळ संख्या द्यायची, शंभर-दीडशे आकडी. कुठल्या बिघाडाला कुठली संख्या, हा तक्ता कुलपात. माणसात जे बिघाड सापडतील त्यांच्या संख्यांचा गुणाकार करायचा, आणि वर त्याला स्वतःची अशी आणखी एक मोठी मूळ संख्या द्यायची, जगात दुसऱ्या कुणाचीच नसलेली, तीही त्यात गुणायची. हा झाला त्याचा वंशांक. सहाशे-सातशे आकडे सहज. असा गुणाकार करायला यंत्राला क्षण लागत नाही, पण गुणाकारावरून मूळचे अवयव शोधायचे म्हटलं तर सगळी यंत्रं मिळून थकतात. त्यामुळे वंशांक कपाळावर गोंदवून घेतला तरी तुमचं गुपित मावशीपासून सुरक्षित.

आणि खरी गंमत पुढेच. दोन वंशांकांत एखादा अवयव सामाईक आहे का, हे पाहायला अवयव पाडावेच लागत नाहीत. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचं, आलेल्या बाकीने लहान संख्येला भागायचं, असं बाकी संपेपर्यंत करत जायचं. शेवटचा भाजक तो मसावि. हे आपण शाळेत शिकतो आणि दिवाळीपर्यंत विसरतो. मुलगा-मुलगी केंद्रावर जाऊन अंगठा देतात, यंत्र मसावि काढतं. एक आला, तर सामाईक काही नाही, हिरवं कार्ड. नाहीतर दीडशे आकडी राक्षस येतो आणि त्याच्यासोबत लाल कार्ड.

ज्या महाराष्ट्राने मसाविपायी छड्या खाल्ल्या, तो आता पोह्यांच्या बशीबरोबर मसावि विचारू लागला. मंगल कार्यालयं हिरव्या कार्डाशिवाय तारीख देईनात. मधल्या काळात वंशांक कार्यालयाने हौसेने कार्डावर संख्येचा वर्गही छापला. ज्या संख्येच्या स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज त्या संख्येपेक्षा कमी भरते, तिला गणितात न्यून म्हणतात. जास्त भरली तर विपुल, बरोबर भरली तर परिपूर्ण. मोठाल्या मूळ संख्यांच्या गुणाकाराला विभाजक असतात मोजकेच, म्हणून यच्चयावत जनता न्यून निघाली. मोर्चे आले. तो रकाना काढून तिथे रक्तगट छापण्यात आला.

आता चूक कुठे झाली ते. सहाशे आकडे म्हटल्यावर छपाईत एखादा इकडचा तिकडे होणारच, असं गृहीत धरून सरकारने दुरुस्तीची सोय ठेवली. मूल महिन्याचं होईपर्यंत, पालकांनी शपथेवर सांगितलं तर, शेवटचे दोन आकडे बदलून मिळत. ज्या देशात नावाचं स्पेलिंग शपथेवर बदलतं, तिथे ही सोय कुणालाच विचित्र वाटली नाही.

*

मथुरा कुंभोजकर तासगावला बेदाण्याच्या शीतगृहात काम करत होती. तिच्या पिढीत आईबापांची नावं रेयांश, कियारा, शनाया अशी, आणि मुलांची मथुरा, दामोदर, भिकाजी. नावांची फॅशन आजोबांना भेटून परत आली होती. शीतगृहात बेदाण्याची प्रतवारी कॅमेरा करत असे. हिरवा एकीकडे, पिवळा दुसरीकडे, काळा तिसरीकडे. ज्या दाण्याबद्दल कॅमेऱ्याचं मत ठरत नसे तो मथुराच्या ट्रेमध्ये येऊन पडे. त्यामुळे दिवसभर तिच्यासमोर फक्त शंकास्पद माल असायचा, आणि तिचा स्वभावही हळूहळू तसाच झाला होता.

दामोदर सावर्डेकर द्राक्षबागांवर फवारणी करणारे ड्रोन दुरुस्त करायचा. शीतगृहाच्या छतावर त्याचं एक ड्रोन पडलं, ते न्यायला तो आला, आणि नंतर त्याची ड्रोन तिथे जरा जास्तच पडू लागली. दोन्ही घरांना पसंत होतं. उरला फक्त मसावि.

केंद्र सांगलीला. मथुराबरोबर तिचे वडील रेयांशराव आणि आई कियाराबाई, दामोदरबरोबर त्याची आई शनायाकाकू. दोघांनी अंगठे दिले. काउंटरवरच्या बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“काय आला?” रेयांशरावांनी विचारलं.

“नऊ.”

“नऊ म्हणजे?”

“म्हणजे नऊच. एकाच्या जागी नऊ.” बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. “मी या खुर्चीत बसल्यापासून एक पाहिलाय आणि हा एवढा लांबलचक पाहिलाय. हा असला नाही पाहिला. यंत्र लाल कार्ड काढतंय, कारण एक सोडून काहीही आलं की ते लालच काढतं. पण मी म्हणते, जरा थांबा. वरून विचारून घेते.”

शनायाकाकूंचा चेहरा मात्र उजळला होता. “अहो, विचारताय काय? नऊ म्हणजे सगळ्यांत चांगला. आमच्या घरात गाडी नऊ, फोन नऊ, गॅसजोडणी नऊ. सूनही नऊच येणार म्हणायची.”

“काकू, हे गॅसजोडणीसारखं नाही,” मथुरा म्हणाली.

“अगं, जोडणी ती जोडणीच.”

वरून उत्तर काही आलं नाही. वरच्यांनीही नऊ पाहिलेला नव्हता. तेव्हा दोन्ही घरं तिथूनच आर्यनगुरुजींकडे गेली. गुरुजी सांगलीतले नावाजलेले अंकज्योतिषी. वंशांकाची दुरुस्ती करून घ्यायची तर ती त्यांच्या सल्ल्याने, असा पंचवीस-तीस वर्षांचा रिवाज होता. त्यांच्या भिंतीवर सुखी जोडप्यांचे फोटो एवढे होते की भिंतीचा रंग कुणाला माहीत नव्हता.

“माझ्या हातून दुरुस्त झालेला एकही अंक आजवर कुणाशी अडलेला नाही,” गुरुजी म्हणाले. “ज्याच्याशी लावाल त्याच्याशी हिरवं. आता तुमचं प्रकरण त्याहून वरचं आहे. एक हा आरंभ, नऊ ही पूर्णता. यंत्राला पूर्णता कळत नाही, म्हणून ते लाल दाखवतं. मी पत्र देतो. मंगल कार्यालयवाले माझं पत्र मानतात.”

पत्र मिळालं, कार्यालयाने ते मानलं, तारीख धरली. सगळे पेढे खाऊन घरी आले. मथुराने मात्र आपला पेढा कागदातच ठेवला.

*

तिला बसवेना. ट्रेसमोर उभी राही, मग ट्रे सोडून खिडकीपर्यंत जाई, पुन्हा येई. कॅमेरा शंकास्पद दाणे टाकत होता आणि ती ते न बघताच कुठल्याही खोक्यात सारत होती. नऊ. हा नऊ आला कुठून? मसावि नऊ म्हणजे नवाने तिचाही वंशांक भागला जातो आणि दामूचाही. नऊ म्हणजे तीन गुणिले तीन. ज्या संख्येचे सगळे अवयव शंभर आकड्यांपेक्षा मोठे, तिच्यात हा एवढासा तीन शिरला कुठल्या दाराने? वंशांकाला तिनाने भाग जाऊच शकत नाही. कुणाच्याच वंशांकाला नाही.

तिने फोनला वंशांकाच्या आकड्यांची बेरीज करायला सांगितली. वंशांक ही खासगी माहिती असल्यामुळे आपण ती मोजू शकत नाही, असं फोनने नम्रपणे सांगितलं आणि आज दुपारी पेरू खाण्याचा सल्ला दिला. मग ती बेदाण्याच्या रिकाम्या खोक्यावर पेन घेऊन बसली. शाळेतली नवाची कसोटी तिला आठवत होती: आकड्यांची बेरीज करायची, बेरजेला नवाने भाग गेला की संख्येलाही जातो. मिळून नऊ होणारे आकडे खोडत, खोडत, खोडत ती शेवटापर्यंत आली. काहीच उरलं नाही.

तिने दामोदरला फोन लावला. “दामू, तुझ्या वंशांकाची बेरीज नऊ येते का?”

“येते की. आईने लहानपणीच करून घेतलीय. माझ्या नावाचीही केलीय. मी मुळात दामोधर होणार होतो.”

“चेष्टा करू नको. अरे, तुझा नंबर खोटा आहे. माझाही.”

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. तो बंद झाला. “खोटा म्हणजे?”

“म्हणजे जन्मल्यावर लॅबने दिला तो खरा होता. नऊ करायला म्हणून शेवटचे आकडे बदलले, तेव्हाच तो मेला. आता त्याच्यात ना तुझा बिघाड आहे, ना माझा. नुसते आकडे आहेत. आणि गुरुजींचे अंक सगळ्यांशी जुळतात कसे, कळलं? तो अंक कुणाचाच नाही, म्हणून कुणाशी अडत नाही. आजवर नऊवाल्यांची लग्नं साध्यांशी लागली. आपण दोघं नऊवाले समोरासमोर आलो, म्हणून उघडकीला आलं.”

“म्हणजे त्या भिंतीवरचे सगळे…”

“काही माहीत नसताना हसतायत.”

“मग आता?”

“आता माहीत नाही,” मथुरा म्हणाली आणि फोन कानाला तसाच लावून शीतगृहाला एक फेरी मारून आली.

*

तिला चैन न पडण्याचं कारण भिंतीवर होतं, पण गुरुजींच्या नव्हे, स्वतःच्या घराच्या. तिथे अच्युतचा फोटो होता. तिचा थोरला भाऊ. स्नायू विरत जाण्याच्या आजाराने तो चौथ्या वर्षी गेला, योजना यायच्या आधी, मथुरा जन्मायच्या आधी. म्हणजे आई आणि पप्पा दोघांत तो एकच बिघाड होता, आणि मथुरात तो सुप्त असण्याची शक्यता तीनांत दोन होती. हे तिला शाळेपासून माहीत होतं. हिरव्या कार्डावर तिचा जेवढा विश्वास होता तेवढा देवावर नव्हता.

रेयांशराव टीव्ही बघत होते.

“पप्पा, माझ्या वंशांकात दुरुस्ती केली होती?”

“केली होती. तेव्हा काही जण करत होते.”

“किती आकडे?”

“दोन. तेही शेवटचे.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “अगं, सहाशेच्या वर आकडे आहेत त्यात. दोन इकडेतिकडे केले तर काय मोठंसं? बाकीचे सगळे तुझेच आहेत ना.”

“तुमच्या फोनचा शेवटचा आकडा बदलला तर फोन कोण उचलेल?”

“दुसराच कुणीतरी.”

“बाकीचे नऊ आकडे तुमचेच असले तरी?”

रेयांशरावांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला, मग तो बंद झालाय हे न कळून पुन्हा बटण दाबलं, आणि टीव्हीवर कुणीतरी मिसळीची तर्री करायला लागलं.

“शकुन बिकुन म्हणून नाही केलं मी,” ते तर्रीकडे बघत म्हणाले. “अच्युतच्या वेळी डॉक्टर म्हणायचे, तुम्ही करण्यासारखं यात काही नाही. वर्षभर तेच. काही नाही, काही नाही. तू झालीस तेव्हा कुणीतरी म्हणालं, हे दोन आकडे बदला, पोरीला काही होणार नाही. करण्यासारखं काहीतरी मिळालं होतं, मथू. म्हणून केलं.”

मथुराने भांडायचं ठरवून आणलं होतं, ते तिच्या हातातच राहिलं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, पाणी न पिता परत आली.

कियाराबाई इतका वेळ भाजी निवडत होत्या. “नव्याने तपासून घे,” त्या म्हणाल्या. “आम्हाला आधी कळलं नाही, याचं दुःख मी इतकी वर्षं केलं. तू मुद्दाम न कळवून घेतलंस तर ते मला नाही जमायचं.”

“नको,” रेयांशराव म्हणाले. “कार्यालय ठरलंय, सगळ्यांना सांगून झालंय. राक्षस आला तर हे लग्न मोडेल. पुढच्यालाही सांगावं लागेल का मोडलं ते.”

“मोडेल तर मोडेल,” कियाराबाई म्हणाल्या आणि गवारीची एक शेंग कडकन मोडली.

*

दामोदर दुसऱ्या दिवशी शीतगृहाच्या फाटकाशी उभा होता. हातात पातं तुटलेलं ड्रोन होतं. या वेळी ते खरोखर पडलं असावं.

“थुंकायला माझी हरकत नाही,” तो म्हणाला. तपासणी लाळेवर होत असे. “आईला समजावलंय. ती म्हणते, नऊ गेला तर गेला, पण तिच्या भिशीतल्या बायकांना तूच सांगायचं. माझा प्रश्न वेगळाय. समजा राक्षस आला.”

“तर आला हे कळेल.”

“ते कळलं. माझं काय?”

मथुरा फाटकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

“फिरू नकोस गं. सरळ सांग. राक्षस आला तर तू नाही म्हणणार का?”

“मला आत्ता कसं सांगता येईल?”

“मला सांगता येतं. मी हो म्हणतोय. आत्ता, न बघता.”

“न बघता हो म्हणणं सोपं असतं, दामू. आपल्या दोघांच्या आईबापांनी सगळं न बघताच केलंय. तू अच्युतचा फोटो पाहिलायस. आईने त्याचे बूट पाहिलेत, एकही झिजलेला नाही. मी आत्ता हो म्हटलं तर तुला बरं वाटावं म्हणून म्हणेन. ते तुला चालेल?”

“मग तू मला पण ट्रेमध्येच ठेवलंयस,” दामोदर म्हणाला. “सांगता येत नाही, त्या मालात.”

तो ड्रोन काखेत मारून निघून गेला. तिने त्याला थांबवलं नाही. मागे वळून कामाला लागली तेव्हा लक्षात आलं की कालपासून काळा बेदाणा हिरव्याच्या खोक्यात जातोय. सगळी खोकी पुन्हा उघडावी लागली.

पुढचे दिवस फार वाईट गेले. तिने आपला लाळेचा नमुना दिला. दामोदरने दिला का, ते कळेना. विचारायला तिचा हात फोनकडे जाई आणि परत येई. दरम्यान काउंटरवरच्या बाईंनी वर पाठवलेला नऊ कुठेतरी पोचला होता, आणि वंशांक कार्यालयाने एक छोटंसं परिपत्रक काढलं होतं: ज्यांच्या वंशांकाची बेरीज नवाच्या पटीत येते त्यांनी कृपया पुन्हा नमुना द्यावा. घाबरण्याचं कारण नाही, असंही खाली लिहिलं होतं, त्यामुळे सगळे घाबरले. लोक रिक्षात बेरीज करत होते, वरातीत बेरीज करत होते. गुरुजींनी सल्लाकेंद्राला कुलूप लावलं आणि प्रकृतीच्या कारणास्तव केरळला गेले. जाताना भिंतीवरचे फोटो मात्र तसेच ठेवून गेले.

*

निकालाच्या दिवशी केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. नुकतं लग्न झालेली जोडपी होती, हातावरची मेंदी अजून न गेलेली. एक बाळाला घेऊन आलेलं जोडपं होतं. ते दोघं एकमेकांकडे न बघता बाळाकडे बघत होते आणि बाळ पंख्याकडे. मथुरा आईवडिलांबरोबर आली. खुर्ची मिळाली, पण ती बसली नाही.

तिचं नाव पुकारलं तेव्हा ती एकटीच काउंटरशी गेली.

“दुसरा अंगठा?” बाई म्हणाल्या.

“माहीत नाही.”

“आलाय, आलाय,” मागून आवाज आला. शनायाकाकू गर्दीतून वाट काढत होत्या आणि दामोदर त्यांच्या पर्सला धरून ओढला जात असल्यासारखा येत होता. “बाहेर अर्धा तास गाडीतच बसून होता हा. मी म्हटलं, उतर, नाहीतर मीच जाऊन अंगठा देते.”

दामोदरने मथुराकडे न बघता अंगठा टेकवला. यंत्राने वेळ घेतला नाही. पडद्यावर एक संख्या आली, एक ओळ भरून दुसऱ्या ओळीत गेली, तिसऱ्या ओळीत संपली.

राक्षस आला होता.

मथुराने ती संख्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, हळूहळू, जणू कुणाचा तरी चेहरा ओळखायचा होता. अच्युतचा असेल, नसेलही. मसाविवरून तेवढं कळत नाही. फक्त काहीतरी एकच दोघांत आहे, एवढं कळतं. कित्येक दिवसांनी तिचे पाय एका जागी थांबले.

“हा कुठला बिघाड, हे कळेल का?” तिने विचारलं.

“दोघांनी सह्या केल्या तर कुलपातला तक्ता उघडतात,” बाई म्हणाल्या. “मग इथून डॉक्टरकडे पाठवतात. गर्भ राहायच्या आधीच बघण्याची सोय आहे, बाकीही मार्ग आहेत. पण लाल कार्ड म्हटलं की लोक सही करत नाहीत. कार्ड इथेच टाकून निघून जातात.”

मथुरा दामोदरकडे वळली. “त्या दिवशी तू न बघता विचारलंस, मला जमलं नाही. आता बघितलंय. मला वाटलं होतं, हे दिसलं की मी पळून जाईन. पण इतके दिवस मी माहीत नसलेल्याला घाबरत होते. हा तर मोजता येतो. माझ्याबरोबर डॉक्टरकडे येशील?”

“आज?”

“आज.”

“आणि डॉक्टर काही वाईट बोलले तर?”

“तर दोघांनी ऐकायचं. मी हो म्हणतेय, दामू. बघून.”

दामोदरने बाईंसमोरचं पेन उचललं आणि सही केली. सही इतकी वेडीवाकडी आली की बाईंनी ती त्याच्या आधीच्या सहीशी ताडून पाहिली.

यंत्रातून लाल कार्ड बाहेर आलं. शनायाकाकूंनी ते हातात घेऊन लांब धरलं, जवळ धरलं. “लाल तर लाल,” त्या म्हणाल्या. “नाहीतरी पत्रिकेच्या काठाला लालच रंग लागतो.”

कियाराबाई हसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. रेयांशराव एवढा वेळ दाराशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता मन मोकळं करायला त्यांना भाषणाखेरीज दुसरा मार्ग ठाऊक नव्हता.

“ऐका सगळ्यांनी,” ते हात वर करून म्हणाले, आणि सगळं केंद्र त्यांच्याकडे वळलं. “मी दोन आकडे बदलून नशीब बदलायला निघालो होतो. आज माझ्या मुलीने सगळ्यांसमोर दाखवून दिलं, की माणूस आकड्यांपेक्षा मोठा असतो. जो सत्याला घाबरत नाही, त्याच्यासमोर सहाशे आकडी संख्याही…”

“काका,” काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “तुम्ही उंबऱ्यावर उभे आहात म्हणून ते सेन्सरचं दार मिटत नाहीये, सगळा एसी बाहेर चाललाय. एक पाऊल आत या नाहीतर एक पाऊल बाहेर जा, तेवढं बघता का?”